रेत्सची फेरी: द्राक्षबागा आणि वाऱ्यावरचं जातं

यांच्या उजव्या गुडघ्याला डॉक्टरांनी एकच पथ्य सांगितलंय. रोज चालायचं, पण जिने आणि उभे चढ टाळायचे. त्यामुळे सप्टेंबरात लेकीकडे व्हिएन्नाला गेलो तेव्हा आल्प्स, केबल कार, बर्फ या सगळ्या बेतांवर आधीच काट मारलेली होती. लेक म्हणाली, "अण्णा, डोंगर नको ना? मग मी तुम्हाला बागा दाखवते. सपाट रस्ता आहे, गोल फिरून परत तिथंच यायचं." आम्ही निफाड तालुक्यातले. पस्तीस वर्षं द्राक्षातच गेली. परदेशात जाऊन पुन्हा बागाच बघायच्या का, असं क्षणभर मनात आलं. पण त्या रविवारी जे बघायला मिळालं ते दीड महिन्यात दुसरीकडे कुठंच मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले. कुणी आईवडिलांना घेऊन तिकडे जाणार असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

गावाचं नाव रेत्स. व्हिएन्नाच्या उत्तरेला, चेक देशाच्या हद्दीला अगदी लागून. या सगळ्या पट्ट्याला वाइनफिएर्टेल म्हणतात, आणि ऑस्ट्रियात द्राक्षाचं सर्वात मोठं क्षेत्र ते हेच. व्हिएन्नाहून थेट गाडी आहे, सव्वा तासाच्या आसपास लागतो. तिकिटाची एक गोष्ट लेकीने शिकवली ती सांगते. तिथे 'आइनफाख राउस' नावाचं तिकीट मिळतं. दोन ते पाच माणसांत मिळून एकच, दिवसभर चालतं, फक्त वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. शनिवार-रविवारी सकाळपासून वापरता येतं, इतर दिवशी नऊनंतर. आम्ही तिघं होतो, जाऊन-येऊन एकाच तिकिटात झालं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, हे मात्र विसरायचं नाही. मी आदल्या रात्रीच दशम्या केल्या होत्या, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दोन बाटल्या पाणी. पाण्याची चिंता तशी नसते, नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं.

गाडी व्हिएन्ना सोडून बाहेर पडली की जमीन हळूहळू लाटेसारखी वर-खाली व्हायला लागते. मोठे डोंगर नाहीत. नांगरलेली काळपट शेतं, मका, भोपळे, सूर्यफुलाच्या वाळलेल्या माना, आणि मग टेकडीच्या अंगावर बागांच्या ओळी दिसू लागल्या. हे खिडकीला कपाळ टेकवून बसले होते. "ओळीत अंतर केवढं ठेवलंय बघ," म्हणाले. त्यानंतर तासभर त्यांना गुडघा आठवला नाही.

रेत्सच्या स्टेशनापासून गावचा मुख्य चौक दहा-बारा मिनिटांवर. हा चौक एवढा मोठा आहे की आमच्याकडचा आठवडे बाजार भरवला तरी जागा उरेल. एका बाजूला वर किल्ल्यासारखे कंगोरे असलेलं घर, त्यावर १५८३ सालाची ओळख सांगतात. दुसरं एक घर १५७६ चं, त्याच्या सगळ्या भिंतीवर चित्रं. पण रंगवलेली नव्हेत. गिलाव्याचे दोन थर देऊन वरचा थर खरवडला की खालचा गडद थर उघडा पडतो, तशी कोरलेली. मी हात लावून बघितलं, खरवडल्याची धार बोटाला लागते. चौकात पायाखाली काय आहे ते लेकीने मुद्दाम सांगितलं नाही, "ते शेवटी," म्हणाली.

चौकातून वेशीच्या कमानीखालून बाहेर पडलं की वाट चढू लागते. चढ अगदी मंद आहे. सायकलवाल्याला उतरावं लागणार नाही इतका. चौकाचौकात पाट्या आहेत आणि त्यांवर किलोमीटरपेक्षा किती मिनिटं लागतील ते लिहिलेलं असतं, ही पद्धत मला फार आवडली. आपल्याकडे वाटेत कुणाला विचारलं तर "हे काय, इथंच" म्हणतात आणि मग तासभर चालावं लागतं. आम्ही फेरी कुठून सुरू करायची याचा लेकीने विचार केलेला होता. आधी पवनचक्की, कारण थोडाफार चढ असेल तो सकाळच्या गारव्यात आणि ताज्या पायांनी होतो. मग बागांतून आडवं जायचं, उताराने जुन्या वस्तीत उतरायचं, आणि तिथून परत चौकात. सगळं मिळून सात किलोमीटर भरलं. तरणी माणसं दोन तासांत करतील. आम्हाला थांबत-बसत साडेचार लागले.

चक्कीच्या अलीकडे एक टेकाड आहे, त्यावर येशूला सुळावर नेण्याच्या प्रसंगाच्या दगडी मूर्ती. तिथं लोक फार बोलत नव्हते, आम्हीही पायातला वेग कमी केला. आणि तिथून वर नजर टाकली की ती दिसते. गोल दगडी बुरुज, वर निमुळत्या टोपीसारखं छप्पर, आणि त्या टोपीला चार लांब पाती, शिडीसारख्या लाकडी चौकटीची.

आपल्या भाषेत पवनचक्की हा शब्द मी किती वेळा वापरला असेन. साताऱ्याकडे गेलं की चाळकेवाडीच्या पठारावर त्या पांढऱ्या उंच पवनचक्क्या दिसतात, आम्ही सहलीला गेलो तेव्हा मुलांना दाखवल्यात. पण त्या चक्क्या काही दळत नाहीत, वीज करतात. शब्दात चक्की आहे आणि चक्की कधी दिसली नाही, हे रेत्सच्या त्या बुरुजासमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं. ही खरोखरची चक्की. गहू आत, पीठ बाहेर.

१७७२ साली इथं पहिली चक्की लाकडाची उभी राहिली. आज आहे तो दगडी बुरुज १८५३ चा. १९२४ पर्यंत तिच्यावर दळण होत होतं. मग वाफेच्या आणि विजेच्या गिरण्यांपुढे अशा चक्क्या जगभर बंद पडल्या, तशीच ही. पण मोडली नाही. ८६ वर्षं उभी राहिली, आणि २०१० मध्ये हॉलंडच्या चक्की बांधणाऱ्या कारागिरांकडून तिची आतली यंत्रणा दुरुस्त करून ती पुन्हा चालती केली. ऑस्ट्रियात अशा चालू स्थितीतल्या चक्क्या दोनच आहेत, दुसरी नॉयझीडल सरोवराकाठी पोडर्सडोर्फला. आत जायला माहिती सांगणाऱ्या माणसाबरोबर जावं लागतं, त्याच्या वेळा ठरलेल्या असतात. बाहेरून केव्हाही बघता येते. चाळीस मिनिटं वाट पाहावी लागली, ती गवतावर बसून दशम्या खाण्यात गेली.

आत लाकडी जिना उभा आणि अरुंद. हे खालीच थांबले. मी आणि लेक वर गेलो. सांगणारे गृहस्थ साठीचे होते, दोन्ही हात सतत पिठात असल्यासारखे हलवत बोलत होते. लेक माझ्या कानाशी मराठीत सांगत होती. वरच्या टोपीत पात्यांचा जाड आडवा दांडा, त्याच्यावर मोठं दातेरी चाक. ते चाक एका उभ्या दांड्याला फिरवतं, तो दांडा खाली दगडापर्यंत येतो. दाते लाकडाचेच. वारा दिशा बदलतो, म्हणून वरची टोपी अख्खी वळवता येते, पाती वाऱ्याच्या तोंडाला आणायची. त्या दिवशी वारा पडलेला होता. पाती हलत नव्हती. लेक हिरमुसली, पण मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या लहानपणी वडील खळ्यात वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, चढून उपणणीसाठी अशीच वाऱ्याची वाट बघत बसायचे. डोक्यावर पाटी, आणि नजर लिंबाच्या शेंड्याकडे. वारा नाही तर नाही. शेंडा हलला की सगळं घर धावायचं.

वारा नव्हता म्हणूनच दगड नीट बघता आले. एक जुना दगड उलटा करून भिंतीला लावून ठेवलेला होता. मी जवळ गेले. मधल्या भोकापासून कडेपर्यंत तिरप्या चरा गेलेल्या, आणि चरांच्या मधल्या सपाट जागेवर बारीक बारीक टाकीचे घाव. मी त्यांवरून बोट फिरवलं आणि तिथंच उभी राहिले. आमच्या दारावर वर्षातून एकदा बाई यायची, "जात्याला टाकी लावायची का" म्हणून. ओसरीवर बसून छिन्नी-हातोडीने तासभर टकटक करायची, तोंडावर पदर घट्ट बांधून, कारण कच उडते. शेवटी आई एक मूठ जोंधळे भरडून ते पीठ टाकून द्यायची, कच दातात येऊ नये म्हणून. ते सगळं मी लेकीला सांगितलं, तिने त्या गृहस्थांना सांगितलं. ते दोन मिनिटं गप्प झाले. मग म्हणाले, आम्हीही तेच करतो. दगड झिजला की उचलायचा, उलटा करायचा, घाव घालायचे, आणि पहिलं पीठ फेकायचं.

त्यानंतर त्यांनी आम्हाला जे दाखवलं ते बाकीच्या लोकांना दाखवायचं त्यांच्या क्रमात होतं की नाही, माहीत नाही. दगडाच्या वर धान्याचा चौकोनी लाकडी पेटारा. त्याखाली एक छोटं उतरतं पन्हाळ, दोरीला सैल टांगलेलं. दगडाबरोबर एक चौकोनी दांडा फिरतो आणि त्याचा प्रत्येक कोपरा त्या पन्हाळाला टक्कर देतो. प्रत्येक टकरीला चार दाणे दगडाच्या तोंडात पडतात. वारा वाढला, दगड जोरात फिरला, की टकरा जास्त, दाणे जास्त. वारा मंदावला की दाणे आपोआप कमी. त्यांनी हाताने तो दांडा पन्हाळावर टकटक आपटून दाखवला, गव्हाचे दोन-चार दाणे घरंगळत पडले. आई उजव्या हाताने जातं ओढायची आणि डाव्या हाताने वैरण, म्हणजे मूठमूठ दाणे, घालायची. हात जड झाला की मूठ आपसूक लहान व्हायची. ते काम इथं एका लाकडी दांड्यावर सोपवलेलं. मी दहा वर्षांची असताना माझ्या हातून वैरण नेहमी जास्त पडायची आणि पीठ जाडंभरडं यायचं, आई मनगट धरून दाखवायची. तो दांडा बघताना मला आईचं मनगट दिसत होतं, एवढंच सांगू शकते.

आणि घंटा. अशा चक्क्यांत पेटाऱ्यातलं धान्य संपत आलं की एक घंटा वाजते अशी सोय करतात. कारण धान्य नसताना दगड फिरला तर दगडावर दगड घासतो, घाव मोडतात, ठिणग्या उडतात, आणि आत पिठाची धूळ नि सगळं लाकूडच, आग लागायला वेळ नाही. जातं रिकामं फिरवू नये, असं आमच्याकडे म्हाताऱ्या बायका बजावायच्या. अशुभ असतं म्हणायच्या. मी सुद्धा तेवढंच धरून चालले होते आणि लेकीला तसंच सांगितलंही होतं. त्या बायकांना दगड कळत होता. पुढच्या पिढीपर्यंत येताना त्यातला दगड गळाला आणि अशुभ तेवढं राहिलं. हे मला व्हिएन्नाच्या उत्तरेला एका बुरुजात उभं राहून कळावं, याचं वाईट वाटलं.

खाली आले तर हे बाकावर नव्हते. शोधलं तर शेजारच्या बागेच्या बांधावर एका शेतकऱ्याबरोबर उभे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघं बोलत होते. तो माणूस एक घड हातात धरून खिशातून रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढत होता. तीच छोटी दुर्बीण, जी आमच्या घरी देवाच्या कोनाड्यात ठेवलेली असते, कारण दुसरीकडे ठेवली की सापडत नाही. एक मणी चिरडून काचेवर रस टाकला, यांच्या हातात दिली. यांनी डोळ्याला लावली आणि मान हलवली. "सतरा. अजून आठवडाभर राहू द्या." आम्ही साखर ब्रिक्स या मापात मोजतो, आणि वाइनच्या द्राक्षाला सतरा ब्रिक्स कमीच. तो माणूस मात्र खूश होता. हे मला म्हणाले, "याला एवढी घाई का?" लेकीने विचारल्यावर उलगडा झाला. त्यांचं माप ब्रिक्स नाही. व्हिएन्नाजवळ क्लोस्टरनॉयबुर्ग इथे द्राक्षाची जुनी शाळा आहे, तिथे एकोणिसाव्या शतकात ठरवलेलं माप ते वापरतात. शंभर ग्रॅम रसात साखर किती ग्रॅम, एवढंच त्यात मोजतात. त्या मापातला सतरा म्हणजे आमचा वीसच्या आसपास. दर्जाची वाइन म्हणून विकायची तर त्या मापाने किमान पंधरा लागतात. मग यांनी तो घड पुन्हा हातात घेतला आणि मणी चाखला. साल जाड, मणी लहान, बी आहे. गोड आणि मागून किंचित तिखटसर. ग्र्युनर वेल्टलिनर ही ती जात. ऑस्ट्रियातल्या एकूण द्राक्षक्षेत्राचा तिसरा हिस्सा एकट्या या जातीखाली आहे, आणि तिच्या वाइनमध्ये काळ्या मिरीचा वास येतो असं तिकडचे लोक अभिमानाने सांगतात.

तिथून पुढची वाट म्हणजे या फेरीचा सर्वात सुखाचा भाग. बागांमधून जाणारा रस्ता ट्रॅक्टरच्या दोन चाकांपुरताच काँक्रीटचा, मधे गवताचा पट्टा. ना दगड, ना चिखल. हे एका पट्टीवर, मी दुसऱ्या पट्टीवर, असं समांतर चालत गेलो. सावली मात्र अजिबात नाही, हे जाणाऱ्याने लक्षात ठेवावं. टोपी पाहिजेच. हा ऑस्ट्रियातल्या सर्वात कोरड्या भागांपैकी एक आहे, वारा आणि ऊन दोन्ही भरपूर, म्हणून तर इथं द्राक्षही आलं आणि चक्कीही.

बागांबद्दल थोडं लिहिते, आमच्या लोकांसाठी. वेल चढवायला इथं मांडव नाही, इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा सांगाडाही नाही. खोड कमरेच्या वर सव्वा मीटरपर्यंत नेलेलं, तिथून एक-दोन काड्या तारेला आडव्या बांधलेल्या, आणि फुटी वरच्या तारांमधून सरळ उभ्या. दोन ओळींत जवळजवळ तीन मीटर. पूर्वी इथल्या वेली खाली जमिनीलगत, दाट, खुंटाखुंटाला बांधलेल्या असायच्या. लेन्झ मोझर नावाच्या ऑस्ट्रियन बागायतदाराने विसाव्या शतकाच्या मध्यात ही उंच खोड नि रुंद ओळीची पद्धत रुजवली, ट्रॅक्टर फिरावा आणि माणसाला वाकावं लागू नये म्हणून. मी त्या वेलीसमोर उभी राहून हात पुढे केला, घड बरोबर छातीशी येतात. विरळणीच्या दिवसांत मान वर करकरून आमच्या बायकांच्या मानेचं जे होतं ते मला माहीत आहे. उंची हा विषय आपल्याकडे फक्त औषध किती बसतं यावरूनच का बोलला जातो?

एक काडी कापली तर वेल कशी वागते, यावर यांचं आणि त्या शेतकऱ्याचं हातवाऱ्यांनी बरंच झालं होतं. त्याला खरं वाटत नव्हतं की आम्ही वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. त्यांच्याकडे वेल हिवाळ्यात झोपते, पानं झडतात, बर्फ पडतो, आणि मग थंडीत एकदाच छाटणी. आमच्याकडे वेलीला झोप अशी लागतच नाही, म्हणून आम्ही कात्रीने तिचं वर्ष दोन भागांत करतो. हे लेकीने समजावून सांगितल्यावर त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि विचारलं, मग वेल दमत नाही का? हे उत्तर द्यायच्या आधी बराच वेळ वेलीकडे बघत राहिले. "दमते," म्हणाले.

दर दुसऱ्या ओळीत गवत आणि फुलझाडं मुद्दाम वाढवलेली. आपल्याकडे बागेत गवत दिसलं की शेजारी नावं ठेवतात. इथं ते दोन ओळींच्या मधली माती वाहून जाऊ नये म्हणून ठेवतात, वर्षात दोन-तीनदा कापून तिथंच अंथरतात. यांनी बोटांनी माती उकरून बघितली. भुसभुशीत, वाळू मिसळलेली, वर कुजलेल्या गवताचा थर. कधीकाळी इथं समुद्र होता, त्याची ही वाळू. ती वाळू पुढे चौकाखाली पुन्हा भेटणार होती.

जुन्या वस्तीत उतरताना एका घराच्या दारावर काठीला हिरव्या डहाळ्यांची जुडी टांगलेली दिसली. लेक थांबली, "हे चालू आहे." ती जुडी म्हणजे पाटी. या घरातला शेतकरी आज स्वतःच्या बागेची वाइन अंगणात बसवून देतोय, असा त्याचा अर्थ. १७८४ मध्ये सम्राट दुसऱ्या योझेफने शेतकऱ्यांना आपलं पीक आपल्या दारात विकायची मुभा दिली, तेव्हापासूनची ही रीत. बाहेरचा माल विकायचा नाही. खायला गरम स्वयंपाक नाही, ब्रेड, चीज, लोणचं असलं थंडच. लिप्टाउअर म्हणून लाल मिरचीची पूड घातलेलं, श्रीखंडाच्या चक्क्यासारखं काहीतरी ब्रेडला लावून देतात, ते आम्हा शाकाहारी माणसांना फार चांगलं. यांच्या गळ्यात माळ, वाइन वर्ज्य. पण द्राक्षाचा ताजा रस मोठ्या पेल्यात सोडा घालून मिळाला. शेजारच्या टेबलावर गढूळ पिवळट काहीतरी पीत होते, त्याला श्टुर्म म्हणतात, अर्धवट आंबलेला रस. तो बाटलीत घट्ट बंद करता येत नाही, आत वायू चालूच असतो, म्हणून झाकण सैल ठेवतात. पिशवीत आडवी ठेवून घरी नेऊ नका, अशी सूचना घरची बाई प्रत्येकाला देत होती. अंगणात अक्रोडाचं झाड, टेबलावर पडलेली पानं, आणि कुणालाही उठायची घाई नाही. यांनी बूट काढून पाय गवतावर ठेवले. गुडघा जरा सुजला होता. फार नाही.

परत चौकात आलो तेव्हा लेकीने शेवटची गोष्ट काढली. या चौकाखाली तळघरं आहेत. एकेका घराखाली खणत गेले, ती एकमेकांना मिळाली, आणि आज सगळी मिळून सुमारे २० किलोमीटर लांबीची भुयारं भरतात. काही ठिकाणी एकाखाली एक तीन मजले. वाइनच्या व्यापाराचा हक्क गावाला मिळाला आणि माल ठेवायला जागा लागली, म्हणून ही खोदाई. जिना उतरायचा म्हणून हे पुन्हा वर बाकावर. आम्ही दोघी माणसांच्या घोळक्याबरोबर खाली गेलो. स्वेटर पाहिजे. वर घाम येत होता आणि खाली अंगावर काटा. काही ठिकाणी भिंतीला वीट नाही, दगड नाही, नुसती घट्ट बसलेली वाळू, कुदळीच्या खुणा जशाच्या तशा. मी नखाने हलकेच ओरखडलं तर चार कण हाताला आले. सकाळी यांनी उकरलेली तीच माती. वर तिच्यात वेल, खाली तिच्यात पिंप. मधे कुठं वीज लावून गार केलेली खोली नाही. आमच्याकडे शीतगृहाचं भाडं आणि विजेचं बिल यांवर दर सीझनला घरात काय बोलणं होतं ते मला माहीत असल्यामुळे मी तिथं बराच वेळ भिंतीला हात लावून उभी होते.

एक राहिलं. रेत्सहून शनिवार-रविवारी हंगामात एक छोटी गाडी द्रोझेनडोर्फपर्यंत जाते, तिचं नाव 'रेब्लाउस एक्सप्रेस'. रेब्लाउस म्हणजे फायलोक्झेरा, मुळावरची ती किड, जिने एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बागा संपवल्या होत्या. शेवटी अमेरिकन वेलीच्या मुळावर आपली जात कलम करून त्यांनी बागा वाचवल्या. आम्ही नाशिकला डॉग्रिज नावाच्या वेलीच्या खुंटावर कलम करतो ते पाण्याची टंचाई आणि जमिनीतले क्षार सोसावेत म्हणून, पण तीही अमेरिकनच वेल. आम्हाला त्या गाडीत बसायला वेळ झाला नाही. ज्यांचे पाय आमच्यापेक्षा जास्त दुखतात त्यांनी चालण्याऐवजी तिचा विचार करावा.

संध्याकाळी स्टेशनवर अर्धा तास हातात होता. यांनी गावाकडे धाकट्या दिरांना फोन लावला. छाटणी कधी धरायची, पाऊस किती झाला, हे बोलून झाल्यावर म्हणाले, "वरच्या तुकड्यात दोन ओळी तणनाशक मारू नको. राहू दे गवत. मी आलो की बघू." पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण यांनी तेच वाक्य तीनदा सांगितलं.

मग मी माहेरी वहिनीला फोन केला. आईचं जातं कुठंय, विचारलं. खालची तळी मागच्या पडवीत आहे, म्हणाली, आणि वरची मोरीपाशी, कपडे आपटायला.

"वरची उचलून आत ठेव गं," मी म्हटलं. "पालथी नको ठेवू. घाव वर येऊ देत."

"घाव कुठले राहिलेत ताई, गुळगुळीत झालीये ती. का, काय करायचंय?"

"टाकी लावणारी बाई कुणी येते का अजून तुमच्याकडे?"

वहिनी थांबली. मग म्हणाली, "चांदोरीच्या बाजारात पाटे-वरवंटे घेऊन एक म्हातारी बसते. विचारून बघते बुधवारी."